बत्तीस फेऱ्या आणि अडतीसची कंबर

नोकरीच्या एकतीस वर्षांत ज्या माणसाने एकाही दुकानदाराला वीस ग्रॅमची सूट दिली नाही, त्याने निवृत्त झाल्यावर दुसऱ्याला सवलत मिळावी म्हणून जिवाचं रान करावं, याला दैवाची गंमत म्हणायचं, दुसरं काय. हे गृहस्थ वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सोसायटीत त्यांना सगळे मापसाहेब म्हणतात. दारात येऊन कोणी "साहेब आहेत का घरात?" विचारलं, की आतून बायको सांगते, "आहेत. साखर मोजतायत." आणि हे तिने गमतीने सांगितलेलं नसतं.

मापसाहेबांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान. एक, त्यांच्या हाताखालून खोटं माप कधी सुटलं नाही. दोन, त्यांची कंबर वीस वर्षं अडतीस इंचांवर ठाम आहे. या दुसऱ्या गोष्टीला लेखी पुरावा होता. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या वहीत त्यांचं पान होतं आणि त्या पानावर दर वर्षी एकाखाली एक 'कंबर ३८' असं लिहिलेलं होतं. मध्यंतरी बायकोने दुकानातून अडतीस मापाची तयार पँट आणली. ती मांड्यांपर्यंत आली आणि तिथे थांबली. मापसाहेबांनी त्या कंपनीला चुकीच्या मापाचं लेबल लावल्याबद्दल तीन पत्रं लिहिली. बायकोने पँट भाच्याला देऊन टाकली. ती त्याला बेल्टशिवाय बसते, पण हे तिने घरात सांगितलं नाही.

तर झालं असं, की एका सकाळी मापसाहेब पँटची शिवण उसवली म्हणून खाली गेले, तर गाळ्याचं शटर अर्धं खाली. वाकून बघतात तो ताई कापडं बेतायच्या टेबलावर उताण्या पडलेल्या. गळ्यात टेप तशीच. एका बाजूला मशीन गप्प.

"काय हो ताई, बरं नाही का?"

"पाठ गेलीय, काका. वीस वर्षं वाकून शिवलं, आता ती सूड घेतेय. डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात चाला, पाण्यातला व्यायाम करा, सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल. नाहीतर मशीन सोडा."

"मग करा की. नगरपालिकेच्या क्रीडाकेंद्रात तलाव आहे, पाण्यातल्या व्यायामाचा वर्गही आहे."

"वर्गाची फी दोन हजार आहे, काका. आणि मशीन सोडलं तर मी खाऊ काय?"

मापसाहेबांनी खिशात हात घातला. त्याबरोबर ताई, पडल्यापडल्याच, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हात बाहेर काढा. मी तुमच्या पँटी फुकट दुरुस्त करते का?"

हात बाहेर आला. तो रिकामाच होता, तरी मापसाहेबांना ओशाळल्यासारखं झालं.

"त्यांच्याकडे कमी उत्पन्न असलेल्यांना फीमाफी आहे म्हणतात," ताई म्हणाल्या. "मी त्यात बसते. ती हक्काची आहे, ती घेईन. तेवढी चौकशी करून याल? मला रांगेत उभं राहवत नाही."

एवढंच काम होतं. चौकशी करून यायची. मापसाहेब छत्री घेऊन निघाले आणि बायकोला म्हणाले, "पंधरा मिनिटांत येतो." ते काम संपायला बावीस दिवस लागले.

क्रीडाकेंद्राच्या कचेरीला एक खिडकी आहे आणि खिडकीत एक बाई आहेत. त्यांचा चेहरा असा, की समोरच्याला आपण काहीतरी विसरून आलोय असं आपोआप वाटतं. मापसाहेबांना मात्र तो चेहरा पाहून आपलं जुनं खातं आठवलं आणि जरा बरंच वाटलं.

"उत्पन्नाधारित शिष्यवृत्ती आहे," खिडकीबाई म्हणाल्या. "नियमही आहेत, फॉर्मही आहे. निधी नाही."

"मग शिष्यवृत्ती आहे असं कसं म्हणता?"

"निधी आला की मिळते."

"मी देतो दोन हजार. त्यांच्या नावाने जमा करा."

"नावाने घेता येत नाही. निधीत द्यावे लागतात. वाटप समिती करते."

"निधीत घ्या."

"सहापेक्षा कमी अर्ज असतील तर समिती बसत नाही." खिडकीबाईंनी खण उघडून फॉर्म काढले. "पाच अर्ज चार वर्षांपासून पडून आहेत. तुमच्या ताईंचा सहावा. म्हणजे बारा हजार. आणि ते एका माणसाने दिलेले चालत नाहीत, लोकसहभाग लागतो. कमीत कमी दहा देणगीदार, आणि केंद्राच्या आवारात घेतलेल्या उपक्रमातून."

"कसला उपक्रम?"

खिडकीबाईंनी फाइल चाळली. "पूर्वी एकदा गायनाचा झाला होता. त्यानंतर एकदा मैदानावरच्या फेऱ्यांचा. एक माणूस फेऱ्या मारतो, बाकीचे फेरीमागे ठरलेली रक्कम देतात. हेच दोन मंजूर आहेत. तिसरं काही करायचं तर मंजुरीला आठ महिने. आणि हो, वर्गाची नवीन तुकडी पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी सुरू होते. ती चुकली की थेट सहा महिन्यांनी."

मापसाहेबांनी घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "गायन नको."

"मी कुठे म्हणतोय गायन?"

"नाही, आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण फेऱ्या तरी तुम्ही कशा मारणार? पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघता तुम्ही."

असली वाक्यं माणसाला कुठल्या कुठे नेतात. ती ऐकली नसती तर मापसाहेबांनी कदाचित दुसरा कोणी चालणारा शोधला असता. आता प्रश्न इभ्रतीचा झाला. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तक्ता आखला, वर लिहिलं, 'एक फेरी (चारशे मीटर)', खाली नावांचे रकाने पाडले, आणि ते सोसायटीत दारोदार निघाले.

आणि काय सांगावं, लोकांनी उदारपणाची कमाल केली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "पन्नास लिहा." सेक्रेटरी म्हणाले, "माझेही पन्नास, चांगलं काम आहे." तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे व्याजकाका म्हणतात. हा माणूस लिफ्टचं बटणसुद्धा दुसऱ्याने दाबेपर्यंत थांबतो. त्यांनी मापसाहेबांना चष्म्यावरून खालपासून वरपर्यंत बघितलं, मध्ये पोटापाशी नजर थोडी थांबली, आणि म्हणाले, "लिहा, फेरीमागे शंभर. मागे-पुढे बघू नका."

मापसाहेबांचे डोळे पाणावले. त्यांना काय माहीत, की जिन्यात, पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांचा एकच हिशोब झाला होता. तीन फेऱ्या. फार तर फार साडेतीन, त्यातली अर्धी खांद्यावरून. तीनशेत नाव मोठं होत असेल तर कोणाला नको? बारा देणगीदार झाले आणि सगळे मिळून फेरीला चारशे. मापसाहेबांनी बारा हजाराला चारशेने भागलं. तीस फेऱ्या. त्यांनी भागाकार दोनदा तपासला. दोन्ही वेळा तीसच आल्या.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत सल्ल्यांचा पाऊस पडला. डॉक्टर म्हणाले, चालण्याआधी काही खाऊ नका. सेक्रेटरी म्हणाले, भरपूर खा. कोणी म्हणालं बूट नवे घ्या, म्हणून घेतले. मग कोणी म्हणालं नवे बूट चावतात, म्हणून ते घालून घरात फिरले, तर खालच्या मजल्यावरून तक्रार आली. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तसं झालं. शेवटी बायकोनेच जुन्या चपलांना नवा पट्टा शिवून आणला. शिवला अर्थातच ताईंनी, उभ्याउभ्या, अन् पैसे घेऊन.

रविवारी सकाळी सातला मैदानावर सोसायटीतले पंचवीसएक लोक जमले. ताई पायरीवर उशी घेऊन बसल्या, गळ्यात सवयीने टेप. बायको कपड्यांचे चिमटे घेऊन आली होती. दर फेरीला एक चिमटा पिशवीच्या कानाला लावायचा, म्हणजे भांडण नको. खिडकीबाई रविवार असूनही आल्या होत्या, कारण उपक्रमाला केंद्राचा प्रतिनिधी लागतो आणि प्रतिनिधी दुसरा कोणी मिळाला नव्हता.

पहिल्या तीन फेऱ्यांना टाळ्या पडल्या. चौथ्या फेरीला टाळ्या तुरळक झाल्या. पाचवी सुरू झाली तेव्हा व्याजकाका उभे राहिले. सहावी संपली तेव्हा तिघं-चौघं बाजूला जाऊन कुजबुजू लागले, आणि आठव्या फेरीपासून मापसाहेबांच्या तब्येतीची जी काळजी सुरू झाली, ती त्यांच्या जन्मदात्यांनीही कधी केली नसेल.

डॉक्टरांनी वळणावर खुर्ची मांडली. "बसा मापसाहेब, घाम बघा किती आलाय."

"घाम चालला की येतोच, डॉक्टर."

"अहो, मी डॉक्टर म्हणून सांगतोय."

"दातांना काही होत नाहीये माझ्या," मापसाहेब म्हणाले आणि पुढे गेले.

पुढच्या वळणावर सेक्रेटरी सरबताचा पेला घेऊन आडवे उभे. सरबत घ्यायचं तर थांबायचं, आणि थांबलं की पाण्याच्या गळतीचा विषय, जो सोसायटीत नऊ वर्षं चालू आहे आणि नेमका आज सुटण्याच्या बेतात होता. मापसाहेबांनी चालता चालता पेला उचलला, चालता चालता संपवला आणि पुढच्या फेरीत परत केला. कोणी बिस्किटं आणली. कोणी ओरडून सांगितलं की घरी पाहुणे आलेत. "येऊ देत," बायको पिशवीला अकरावा चिमटा लावत म्हणाली, "किल्ली माझ्याकडे आहे." लग्नानंतर पस्तीस वर्षांत तिने नवऱ्याची बाजू इतक्या जाहीरपणे पहिल्यांदाच घेतली होती.

अठराव्या फेरीला व्याजकाकांचे अठराशे झाले. आता काका बँकेत असताना कर्ज नाकारण्याच्या कलेत नावाजलेले होते. त्यांनी तक्ता हातात घेतला, 'एक फेरी (चारशे मीटर)' यावर बोट ठेवलं, आणि मापसाहेब समोरून जात असताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो मापसाहेब, ही फेरी चारशे मीटर भरते, हे कोणी मोजलंय का?"

मापसाहेब जागच्या जागी थांबले. खुर्चीने, सरबताने, पाहुण्यांनी जे झालं नव्हतं ते या एका प्रश्नाने झालं. पलीकडे पाटी होती, 'एक फेरी ४०० मी.' पण पाटीवर तपासणीचा शिक्का नव्हता, तारीख नव्हती, कोणाची सही नव्हती. अशी पाटी एखाद्या किराणा दुकानात दिसली असती, तर याच मापसाहेबांनी दुकानाला टाळं लावलं असतं.

"मोजलं पाहिजे," ते म्हणाले.

"अहो, चाला तुम्ही," बायको म्हणाली. "मुकाट्याने चाला."

"मी लोकांकडून चारशे मीटरचे पैसे घेतोय. फेरी कमी भरत असेल तर ती माझी मापात चोरी झाली."

टेप कोणाकडे होती? एकाच माणसाकडे. मापसाहेबांनी ताईंपुढे हात केला. ताईंनी टेपवर हात ठेवला, मापसाहेबांकडे पाहिलं, मग जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "ही... कापडाची आहे हो काका," एवढंच म्हणाल्या.

"चालेल. दीड मीटरची आहे ना?"

दीड मीटरच्या टेपने मैदान मोजणं हा काय प्रकार असतो, तो ज्याने केलाय त्यालाच कळेल. आतल्या पांढऱ्या रेषेवर एका टोकाला मापसाहेब ओणवे, दुसऱ्या टोकाला व्याजकाका ओणवे, मध्ये सेक्रेटरी खडूने खुणा करतायत, आणि मागून पंचवीस माणसं एकसुरात आकडे मोजत चाललीत. शहाण्णवला कोणीतरी शिंकलं आणि मोजणी अडुसष्टपासून पुन्हा करावी लागली. पाऊण तास गेला. टेप दोनशे त्रेपन्न वेळा लागली आणि वर अर्धा मीटर राहिला.

"तीनशे ऐंशी," मापसाहेब कमरेवर हात ठेवून उभे राहत म्हणाले. त्यांचा चेहरा एकाच वेळी पडला होता आणि उजळला होता. पाटी खोटी पकडल्याचा आनंद आणि ती आपल्याच अंगावर शेकल्याचं दुःख. हात दाखवून अवलक्षण ते हेच. तीस फेऱ्यांचे भरत होते अकरा हजार चारशे मीटर. हवे होते बारा हजार. म्हणजे आणखी दोन फेऱ्या. बत्तीस. आणि मैदान बाराला बंद.

चौदा फेऱ्या उरल्या होत्या. त्या कशा झाल्या ते मापसाहेबांनाही नीट आठवत नाही. चोविसाव्या फेरीला उजव्या पायाला फोड आला, सत्ताविसाव्याला तो फुटला. आता कोणी सरबत घेऊन आडवं येत नव्हतं. अडवायची गरजच उरली नव्हती, माणूस आपणच थांबणार हे दिसत होतं. तिसावी संपली तेव्हा घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि मापसाहेब पायरीपाशी येऊन उभे राहिले. त्यांना खरंच वाटलं, झालं, आता नाही होत. पुढचं पाऊल उचलायची आज्ञा डोक्यातून निघाली आणि गुडघ्यात अडकून बसली.

ताई पायरीवरून उठल्या. एका हाताने पाठ धरली. "चला काका," त्या म्हणाल्या, "मी येते बरोबर."

"तुम्ही कशाला? तुमची पाठ..."

"माझ्यासाठी चाललाय ना? मग मला बसवत नाही. हळूहळू जाऊ."

एक लंगडत, एक वाकून, अशी ती जोडी निघाली. ते पाहून खाली मान घालायची वेळ होती, आणि काही जणांनी घातलीही. व्याजकाका मात्र तडक त्यांच्या मागे निघाले. "माझे शंभर जातायत," ते म्हणाले, "मी डोळ्यांनी बघणार. आतून वळण मारतील." आणि आतून वळण मारलं जात नाहीये ना हे बघत बघत या माणसाने पूर्ण दोन फेऱ्या मारल्या. निवृत्तीनंतर ते इतके चालले नव्हते. बाराला दोन मिनिटं कमी असताना बायकोने बत्तिसावा चिमटा लावला. पिशवीच्या कानावर जागा उरली नव्हती, तो तिने मापसाहेबांच्या सदऱ्याच्या कॉलरला लावला.

पैसे सगळ्यांनी दिले. कुरकुरत दिले, पण दिले. सोमवारी सकाळी मापसाहेब पायाला पट्टी बांधून खिडकीपाशी हजर झाले. बारा हजार, बारा नावं, आणि स्वच्छ अक्षरात अहवाल: 'फेरीची प्रत्यक्ष लांबी ३८० मी. आढळल्याने बत्तीस फेऱ्या पूर्ण करण्यात आल्या.'

खिडकीबाईंनी अहवाल वाचला. पुन्हा वाचला. "हे कशाला लिहिलंत?"

"खरं आहे म्हणून."

"आमच्या कागदावर चारशे आहे. तुमच्या कागदावर तीनशे ऐंशी. फरकाचा खुलासा झाल्याशिवाय मला रक्कम जमा करता येत नाही."

"उद्या वर्ग सुरू होतोय."

"म्हणून तर विचारतेय, कशाला लिहिलंत."

खुलासा करायला नगरपालिकेचे अभियंते आले. त्यांच्याकडे पोलादी टेप होती, आणि तिच्यावर या वर्षीचा तपासणीचा शिक्का. मापसाहेबांनी तो शिक्का आधी वाचला आणि आदराने मान हलवली. अर्ध्या तासात त्याच पांढऱ्या रेषेवरून मोजणी झाली. चारशे मीटर. ना एक बोट कमी, ना एक बोट जास्त.

"तुम्ही कशाने मोजलंत?" अभियंत्यांनी विचारलं.

मापसाहेबांनी सांगितलं.

"वापरलेली कापडी टेप? अहो, ती ताणून ताणून लांबते. मग मोजलेलं सगळं कमी भरतं." अभियंते तसे सज्जन होते, पण त्यांनी सहज पुढे विचारलं, "आपण कुठे होतात नोकरीला?"

मापसाहेबांनी खातं सांगितलं. अभियंत्यांनी पोलादी टेप फार काळजीपूर्वक गुंडाळली आणि दुसरीकडे बघितलं.

आता खिडकीबाईंनी दोन मार्ग सांगितले. मैदान कमी आहे असा अर्जदाराचा आग्रह असेल तर चौकशी लागेल, तीन महिने. किंवा टेप चुकीची होती असं अर्जदाराने लेखी दिलं तर एक ओळ पुरेल, पैसे आजच जमा. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मापसाहेब त्या कागदाकडे बघत बसले. एकतीस वर्षं. हजारो वजनं, शेकडो काटे, लोखंडी गजापासून दुधाच्या मापापर्यंत सगळं तपासलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचंच माप तपासायची वेळ आली तेव्हा टेप तपासली नाही. का? तर ती ओळखीच्या बाईच्या गळ्यात होती. ज्या कारणाने लोक दुकानदाराकडून फसतात, नेमक्या त्याच कारणाने. त्यांचे कान तापले. मग त्यांना ताई टेबलावर उताण्या पडलेल्या दिसल्या, आणि ते गप्प मशीन दिसलं. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं: 'माझ्याकडून मोजणीसाठी अप्रमाणित साधन वापरले गेले.' खाली सही केली. खात्याच्या निवृत्त निरीक्षकाची असते तशीच, पूर्ण, हुद्द्यासकट.

खिडकीबाईंनी शिक्का मारला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या बत्तीस फेऱ्या पूर्ण चारशेच्या झाल्या. दोन जास्त. त्याचे आठशे आणखी यायला पाहिजेत."

"आणीन. पण आठशेत अजून एक माणूस बसत नाही."

"तीन फेऱ्या कमी पडतात," खिडकीबाई खाली बघत म्हणाल्या. हा हिशोब त्यांनी आधीच करून ठेवलेला दिसत होता. मग त्यांनी खण उघडला आणि तळातून एक सातवा फॉर्म काढला. त्याचे कोपरे वळले होते. "मी इथे रोजंदारीवर आहे, साहेब. सात वर्षं तलावाच्या पावत्या फाडतेय. पाण्यात पाय घातलेला नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसते मी. पण आपलाच अर्ज आपणच कसा पुढे करायचा?"

मापसाहेबांच्या पायाला पट्टी होती, म्हणून पुढच्या रविवारी त्या तीन फेऱ्या व्याजकाकांनी मारल्या. पैसेही द्यायचे आणि चालायचंही त्यांनीच, हे त्यांना त्यांच्या बायकोने पटवून दिलं, कारण त्या दोन फेऱ्यांनंतर त्यांना म्हणे तीन दिवस झोप फार छान लागली होती. तीन फेऱ्यांना सोसायटीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेवटी अंदाज बरोबरच होता, फक्त माणूस चुकला होता.

सहा महिन्यांनी मापसाहेब गाळ्यात गेले तेव्हा मशीन धडाडत होतं आणि ताई ताठ बसून शिवत होत्या. मापसाहेबांनी पिशवीतून नवी टेप काढून टेबलावर ठेवली. न ताणली जाणारी, शिक्का असलेली.

"ही घ्या. ती जुनी टाकून द्या. लांबलीय ती."

"माहितीय मला," ताई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली."

मापसाहेब स्टुलावर बसले. "माहिती होतं?"

"नवी आणली होती की मी तेव्हा. पहिल्याच दिवशी तीन बायका रुसून गेल्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, तुमची टेप खोटी आहे. व्याजकाकांनी तर शिलाईच दिली नाही. मग म्हटलं, जाऊ दे. कापडही याच टेपने मोजते, कपडे बसतात ना बरोबर? वहीत दोन इंच कमी लिहिले म्हणून कोणाचं काय जातं? उलट माणूस जाताना हसत जातो."

मापसाहेबांचा हात नकळत कमरेकडे गेला. अडतीस. त्यात दोन मिळवायचे. तीन पत्रं लिहिली होती त्यांनी त्या कंपनीला, तिसरं तर रजिस्टर्ड.

"मग त्या दिवशी मैदानावर का नाही बोललात?"

"बोलणार होते, काका. तोंडावर आलं होतं. पण अख्खी सोसायटी उभी होती तिथे. टेप खोटी म्हटलं असतं तर सगळ्यांच्या कमरा तिथल्या तिथे उघड्या पडल्या असत्या. तुमची तर सगळ्यात आधी." ताईंनी दोरा तोडला. "मग तुम्ही माझ्यापायी दोन फेऱ्या फुकट चाललात, ते मला बघवलं नाही. म्हणून उठले."

नव्या टेपवरचा शिक्का मापसाहेबांनी अंगठ्याने एकदा पुसला. मग टेप उचलून पुन्हा पिशवीत ठेवली आणि पँटचं कापड टेबलावर ठेवून, हात वर करून उभे राहिले.

ताईंनी गळ्यातली जुनी टेप काढली, त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि वही उघडली.

"किती लिहू, काका?"

"जे भरेल ते," मापसाहेब छताकडे बघत म्हणाले. "अडतीस."